घरातल्या उनाड बोक्याला खेळवायचं कसं आणि कशाने

खेळणी विकत घ्यायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं बघा तुमचं मांजर कशाच्या मागे लागतंय. आमचा फुटाणा आता दहा महिन्यांचा आहे, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, खाली सोडत नाही, आणि तो आला तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात ऑनलाइन बाराशे रुपयांची खेळणी मागवली, त्यातल्या एकाकडेही तो ढुंकून बघेना. मग एके दिवशी सासूबाई हॉल झाडत होत्या आणि हा सोफ्याखाली दबा धरून बसला, डोळे झाडूच्या टोकावर, बाकी अंग दगडासारखं, फक्त मागचा भाग डुलतोय, आणि झडप! तेव्हा लक्षात आलं की याला जमिनीवरून सरपटणारं काहीतरी पाहिजे, आणि मी आणलेलं सगळं वरून लटकणारं होतं.

मांजराचं खेळणं म्हणजे शिकारच असते, उंदीर नाहीये एवढाच फरक. बघणं, दबा धरणं, पाठलाग, झडप, पकडून चावणं, असा तो क्रम असतो आणि प्रत्येक मांजराची आवड वेगळी. काही पक्ष्यांवाली असतात, हवेतल्या गोष्टीवर उंच उडी मारणारी. काही उंदीरवाली, त्यांना भिंतीच्या कडेने पळणारं किंवा चादरीखाली हलणारं आवडतं. आणि काही पाली-किड्यांवाली, त्यांना एकदम छोटं, जरा पळून थांबणारं, परत पळणारं लागतं. तपासायला खर्च नाही, संध्याकाळी एक पीस दोऱ्याला बांधून हवेत फिरवा, एक जुना मोजा जमिनीवरून ओढा, एक कागदाचा छोटा बोळा टिचकीने उडवा, कशाला कान पुढे होतात आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात ते बघा, उत्तर मिळतं.

एकच खेळणं विकत घ्यायचं असेल तर काठीला दोरी आणि दोरीला पीस किंवा कापडाचा तुकडा असतो ते घ्या. दांडी जरा लांब बघा म्हणजे तुमचा हात त्याच्या नखांपासून लांब राहतो, आणि टोकाचा तुकडा बदलता येणारा असेल तर फारच छान. पण काठी घेऊन काम होत नाही, ती फिरवायची कशी ते महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात असं मला वाटतं. आपण काय करतो, पीस मांजराच्या नाकासमोर नाचवतो. मांजराला अगदी जवळचं, म्हणजे वीतभर अंतरावरचं, नीट दिसतच नाही, आणि कुठला उंदीर आपणहून मांजराच्या तोंडावर येऊन आपटतो? शिकार नेहमी लांब पळते. म्हणून पीस त्याच्यापासून लांब न्या, सोफ्याच्या पायामागे लपवा, तिथे थोडंसं थरथरवा, थांबवा, मग एकदम पळवा. पेपरखाली दोरी घालून हळू खसखस आवाज केला तर फुटाणा अक्षरशः वेडा होतो. आणि तो नुसता टक लावून बघत बसला असेल तर "खेळत नाहीये" म्हणून उठून जाऊ नका, ते दबा धरणं हा खेळाचा अर्धा भाग आहे, तिथे घाई केली की सगळं बिघडतं. रंगाचं म्हणाल तर लाल रंग मांजरांना फिकाच दिसतो, निळा-पिवळा जास्त कळतो, पण खरं आकर्षण हालचालीचं.

आणि त्याला पकडू द्या. दर दोन-चार झडपांनंतर एकदा तरी पीस त्याच्या पंजात गेलंच पाहिजे, चावू दे, मागच्या पायांनी लाथा मारू दे. सारखं हुलकावणी देत राहिलात तर तो चिडतो आणि मग ती चीड तुमच्या पोटरीवर निघते. शेवटची पाच मिनिटं वेग कमी करत जायचं, शिकार दमल्यासारखी, शेवटी त्याने पकडायचं आणि लगेच खायला द्यायचं. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हे त्याचं नैसर्गिक चक्र आहे.

या चक्राचा आमच्या घरी सगळ्यात मोठा फायदा पहाटेला झाला. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चपळ असतात, हा पाच वाजता उठून आमच्या पायांची बोटं चावायचा, नवऱ्याची सातची लोकल, सगळ्यांची झोपमोड. मग आम्ही ठरवलं की रात्री दहाच्या आसपास पंधरा मिनिटं काठीचा खेळ, दमेपर्यंत, आणि त्यानंतरच रात्रीचं जेवण, आणि पहाटे कितीही ओरडला तरी कोणी उठायचं नाही, कारण एकदा उठून खायला दिलं की त्याला कळतं ओरडण्याने काम होतं. दहा-बारा दिवस कठीण गेले, पण मग तो सहा-साडेसहापर्यंत झोपायला लागला. दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं पुरतात, एकदम तासभर खेळवायची गरज नाही, मांजर छोट्या धावांचं जनावर आहे.

आता दोऱ्याबद्दल, आणि हे कृपया मनावर घ्या. लोकरीचा गुंडा आणि मांजर हे चित्रात गोड दिसतं पण दोरा गिळणं ही मांजरासाठी जिवावरची गोष्ट आहे. मांजराच्या जिभेवर आत वळलेले काटे असतात, दोरा एकदा तोंडात गेला की थुंकता येत नाही, आत आतच जातो, मग आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं, कापलं जातं, आणि ऑपरेशनशिवाय इलाज राहत नाही. आपल्या घरात असे दोरे वर्षभर असतात, संक्रांतीचा मांजा (नायलॉनच्या मांजावर 2017 साली राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली तरी अजून दिसतोच), राखीचा रेशमी दोरा, गजऱ्याचा दोरा, गणपतीच्या मखराच्या चमकणाऱ्या झिरमिळ्या, शिवणाच्या डब्यातला सुईसकट दोरा, केसांचे रबर, मिठाईच्या बॉक्सची रिबन. काठीचं खेळणंसुद्धा खेळ झाला की कपाटात बंद, तुम्ही समोर नसताना बाहेर ठेवायचंच नाही. आणि तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर अजिबात ओढू नका, सरळ डॉक्टर. डांबराच्या गोळ्या पण, त्या छान गडगडतात म्हणून मांजर खेळतं आणि त्या विषारी आहेत, कपाटाबाहेर एक पण दिसता कामा नये.

हाताने खेळवायचं नाही. पिल्लू असताना बोटं चावतं ते गोड वाटतं, पण दहा महिन्यांचा चार किलोचा बोका तेच करतो तेव्हा रक्त येतं आणि त्याला कळत नाही की काल चालत होतं ते आज का नाही. आमच्याकडे पाहुणे आले की मी आधीच सांगते, हात नाही, हा मोजा घ्या. कुस्तीसाठी वेगळं खेळणं असतं, लांब उशीसारखं, ते घरीच बनतं, जुन्या जाड मोज्यात कापडाच्या चिंध्या घट्ट भरून तोंड शिवून टाका, वीतभरापेक्षा लांब पाहिजे म्हणजे पुढच्या पायांनी मिठी मारून मागच्या पायांनी लाथा मारता येतात. तुमच्या हाताला चावला तर हात झटकून ओढू नका, पळणारी गोष्ट म्हणजे शिकार हे आत्ताच बोललो ना, हात ढिला सोडा, खेळ थांबवा, उठून जा.

घरातल्याच वस्तू म्हणाल तर टेबल टेनिसचा बॉल सगळ्यात भारी, 40 मिलिमीटरचा असतो, गिळता येत नाही, आणि तो स्टीलच्या परातीत टाकून दिला तर आवाजासकट गोल गोल फिरतो. खालच्या घरात त्रास नको म्हणून परातीखाली टॉवेल. कागदी पिशव्या चालतात पण त्यांचे हाताने धरायचे बंद कापून टाकायचे, त्यात मान अडकते. पार्सलचा पुठ्ठ्याचा बॉक्स, टेप आणि पिना काढून, दोन बाजूंना भोकं पाडली की त्यात लपून पंजा बाहेर काढायचा खेळ होतो. मोरपीस आवडतं, पण तो चघळून तुकडे करायला लागला की काढून घ्या, दांडा टोचतो. नखांसाठी टेबलाच्या पायाला जाड सुतळी किंवा काथ्याची पायपुसणी घट्ट गुंडाळा, उंची इतकी की तो मागच्या पायांवर उभा राहून पूर्ण ताणला पाहिजे, आणि ते हललं नाही पाहिजे, डगमगलं की मांजर परत सोफ्याकडे.

सगळी खेळणी एकदम बाहेर ठेवू नका. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ या संशोधकांनी हे तपासलं होतं, एकच खेळणं परत परत दिलं की मांजराचा रस उतरत जातो, पण मग वेगळ्या रंगा-वासाचं दुसरं दिलं की लगेच परत खेळायला लागतं, म्हणजे मांजर दमलेलं नसतं, त्या खेळण्याला कंटाळलेलं असतं. आणि भुकेलं मांजर जास्त जोरात खेळतं हेही त्यांनीच दाखवलं, म्हणून जेवणाआधी खेळ. माझ्याकडे तीन डबे आहेत, रविवारी डबा बदलतो, आठवडाभर बंद डब्यात राहिलेला जुनाच मोजा फुटाणा नवा असल्यासारखा हुंगतो.

खाणं शोधायला लावणं हा दुसरा चांगला प्रकार, विशेषतः दिवसभर घरी कोणी नसेल तर. अंड्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये कोरड्या खाण्याचे दाणे टाका, पंजाने काढावे लागतात. प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीला दाण्यापेक्षा जरा मोठी दोन-तीन भोकं पाडा, कडा गुळगुळीत करा, झाकण काढून टाका, लोळवलं की एकेक पडतो. सुरुवात एकदम सोपी ठेवा, कारण 2021 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या अभ्यासात 17 मांजरांपैकी बहुतेकांनी कोडं सोडवण्यापेक्षा समोर ताटात ठेवलेलं खाणंच पसंत केलं होतं, मांजर आळशी म्हणून नाही, समोर असेल तर कशाला शोधायचं. म्हणून रोजच्या खाण्यातलाच थोडा भाग कोड्यात घालायचा, सगळं नाही, आणि त्याला जमेना म्हणून उपाशी ठेवायचं नाही.

ज्यांचं मांजर बाहेर जातं आणि रोज चिमणी किंवा पाल आणून टाकतं त्यांच्यासाठी एक गोष्ट, 2021 सालीच इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासात रोज पाच-दहा मिनिटं खेळवलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार 25 टक्क्यांनी कमी झाली. पाच मिनिटांचं काम आहे हो, करा.

भिंतीवर ठिपका पाडणाऱ्या लेझर टॉर्चबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बोका पळतो भरपूर पण हाताला कधीच काही लागत नाही आणि मग काही मांजरं दिवसभर भिंतीवर ठिपका शोधत बसतात. वापरायचाच असेल तर डोळ्यात जाऊ देऊ नका आणि शेवटी ठिपका खऱ्या खेळण्यावर किंवा खाण्याच्या दाण्यावर आणून थांबवा. कॅटनिप, म्हणजे मांजरांना धुंद करणारी पुदिन्याच्या जातीची वनस्पती, सगळ्यांना चढत नाही, ते अनुवंशिक असतं, आणि लहान पिल्लांवर तर परिणामच होत नाही, चढलं तर पाच-पंधरा मिनिटं लोळतात मग उतरतं. आपल्याकडे रस्त्याकडेला खोकली म्हणून झाड उगवतं, त्याच्या मुळांनाही मांजरं भुलतात, पण रस्त्याकडेला फवारणी आणि कुत्र्यांची सू, म्हणून मी ते घरात आणत नाही.

उंची द्या. जमिनीवर जागा नसेल तर भिंतीवर, फ्रिजवर, कपाटावर चढायला दोन-तीन फळ्या टप्प्याटप्प्याने घट्ट बसवा, वन बीएचकेत मांजराची जागा दुप्पट होते. खिडकीत बसून कबुतरं बघणं हाही त्याचा खेळच आहे, पण आधी जाळी. साधी कबुतराची नायलॉनची जाळी तो चावून कापू शकतो, मजबूत घ्या, कडा पक्क्या बसवा, दर महिन्याला हाताने ओढून बघा, कारण कबुतरामागे झेप घेताना त्याला तिसरा मजला कळत नाही.

उन्हाळ्यात दुपारी खेळवू नका, एप्रिल-मेमध्ये आम्ही फक्त सकाळी आणि रात्री. तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागला तर ताबडतोब थांबवा, गार जागी बसू द्या, आणि काही मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, कुत्र्यासारखं धापा टाकणं मांजरात नॉर्मल नसतं. शेपूट जोरात आपटणं, कान मागे, पाठीची कातडी थरथरणं, हे खेळातून रागाकडे चाललंय याचं लक्षण, तिथेच थांबायचं.

एवढं सगळं करूनही तो तुमच्या अंगावरच येत असेल आणि अजून वर्षाच्या आतला असेल, तर त्याच वयाचं दुसरं मांजर घरात आणायचा विचार करा. जागा, खर्च आणि दुसरा लिटर बॉक्स (मांजराच्या शी-सूचा ट्रे) परवडत असेल तरच, आणि पहिले काही दिवस वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून, दाराच्या फटीतून एकमेकांचा वास घेऊ देऊन. आमच्याकडे पुढच्या महिन्यात मैत्रिणीच्या गल्लीतलं एक मादी पिल्लू येतंय, फुटाणाची नसबंदी झालेली आहे, तिचीही वेळेवर करणार, बेडरूममध्ये तिचा वेगळा बॉक्स आणि वेगळा मोजा आत्ताच ठेवलाय.