डिलिव्हरी फुकट, तरी बिलात चाळीस रुपये

पहिल्या नोकरीचा तिसरा आठवडा. तक्रार आली की ‘डिलिव्हरी फुकट’ची ऑफर लावली तरी गिऱ्हाइकाच्या बिलात ४० रुपये लागतायत. मी दोन तास ऑफरचा कोड चाळत बसले. तिथे सगळं ठीक होतं, ऑफर लागली की शुल्क ० म्हणून पुढे जात होतं. घोळ निघाला बिलाच्या फंक्शनमध्ये, या एका ओळीत:

शुल्क = शुल्क || ४०

(जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, आकडे मात्र चालत नाहीत. त्यामुळे इथला कोड फक्त वाचा, उचलून चिकटवू नका.)

२०१५ मध्ये ईएस६ ही जावास्क्रिप्टची आवृत्ती येईपर्यंत बहुतेक जण असंच लिहायचे. शुल्क आलं नसेल तर ४० धर, एवढाच हेतू. पण || च्या लेखी ०, रिकामी स्ट्रिंग, फॉल्स, नल (मुद्दाम ठेवलेलं ‘काही नाही’), अनडिफाइन्ड (किंमत दिलेलीच नाही) सगळे एकाच माळेचे मणी. आमचं फुकटातलं शून्य त्याने ‘काही आलंच नाही’ म्हणून धरलं आणि चाळीस लावून मोकळा झाला.

मी ती ओळ काढली आणि फंक्शनच्या कंसातच डिफॉल्ट, म्हणजे काही दिलं नाही तर धरायची किंमत, लिहिला:

बिल(रक्कम, शुल्क = ४०)

तक्रार मिटली. आठवडाभराने उलटी तक्रार आली: काही बिलांत शुल्क लागतच नाहीये! म्हणजे माझीच करणी. झालं असं होतं की शुल्क ठरलेलं नसेल तेव्हा सर्व्हरकडून नल येत होता. सर्व्हर ज्या जेसन नावाच्या साच्यात माहिती पाठवतो त्यात अनडिफाइन्ड हा प्रकारच नाही, त्यामुळे बॅकएंडवाले ‘काही नाही’साठी नलच पाठवतात. आणि डिफॉल्ट पॅरामीटर जागा होतो तो फक्त अनडिफाइन्डला. नल त्याच्या दृष्टीने तुम्ही जाणूनबुजून दिलेली किंमत. वर ५०० + नल केलं की उत्तर ५०० येतं, एरर नाही की काही नाही. तिथे अनडिफाइन्ड असता तर निदान नॅन (‘हा आकडा नाही’) दिसला असता आणि कुणीतरी बोंब मारली असती.

ब्राउझरचा कन्सोल उघडा, रक्कम + शुल्क परत देणारं हे फंक्शन लिहा आणि हे चार कॉल स्वतः टाइप करून बघा (आकडे, नल आणि अनडिफाइन्ड इंग्रजीत):

बिल(५००) → ५४०
बिल(५००, अनडिफाइन्ड) → ५४०
बिल(५००, नल) → ५००
बिल(५००, ०) → ५००

शेवटच्या दोन ओळींचं उत्तर एकच, पण चौथीतलं बरोबर आणि तिसरीतलं चूक. आमच्या टेस्टमध्ये तिसरी ओळच नव्हती. शेवटी सर्व्हरचं उत्तर जिथे वाचतो तिथेच मी शुल्क ?? ४० असं लिहिलं. हे ?? २०२० च्या आवृत्तीत आलं. ते नल आणि अनडिफाइन्ड दोन्हींना धरतं, शून्याला हात लावत नाही. डिफॉल्ट पॅरामीटरही ठेवला, कारण आमच्याच कोडमध्ये काही ठिकाणी बिल नुसती रक्कम देऊन बोलावलं जातं.

तिसरा फटका टेस्टिंगमध्येच सापडला म्हणून वाचले. रकमांच्या अ‍ॅरेवर मॅप (प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारी सोय) लावताना मी बिल हे नाव थेट देऊन टाकलं होतं. तीन ऑर्डर, प्रत्येकी ५०० च्या, आणि उत्तर आलं ५००, ५०१, ५०२. मॅप दुसरा आर्ग्युमेंट म्हणून इंडेक्स (०, १, २ असा घटकाचा क्रमांक) पाठवतो, तोच शुल्क होऊन बसला. डिफॉल्टवाला पॅरामीटर डोळ्यांआड राहतो, म्हणून हे चटकन लक्षात येत नाही. मग मधे छोटं अ‍ॅरो फंक्शन घातलं: र => बिल(र).

पायथनकडून येणाऱ्यांना एक दिलासा. तिथे डिफॉल्ट म्हणून दिलेली रिकामी लिस्ट फंक्शन तयार होताना एकदाच बनते आणि पुढच्या सगळ्या कॉलमध्ये तीच फिरते. मी त्यात पोळले होते, म्हणून इथेही यादी = [] लिहायला बिचकायचे. जावास्क्रिप्टमध्ये डिफॉल्ट लागेल त्या प्रत्येक कॉलला नवा अ‍ॅरे बनतो. बिनधास्त लिहा.

डिफॉल्टवाले पॅरामीटर शेवटी ठेवा, नाहीतर मधला गाळायला अनडिफाइन्ड लिहीत बसावं लागतं. कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं अशी एक गोष्ट दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत निघाली. समोर जवळपास बिलसारखंच फंक्शन होतं, प्रश्न होता: याची लेंग्थ (पॅरामीटर मोजणारा आकडा) किती? मी ऐटीत ‘दोन’ म्हणाले. उत्तर होतं एक. पहिल्या डिफॉल्टच्या आधीचेच पॅरामीटर मोजले जातात.