बीपी वाढायची वाट बघू नका, गोळीची वेळ १२व्या आठवड्यात असते

आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं, ठीक आहे, पाहुण्यांना नका सांगू पण डॉक्टरला सांगा, कारण ज्यांना गरोदरपणात बीपी वाढायचा धोका जास्त आहे त्यांची गोळी १२व्या आठवड्याच्या आसपास सुरू व्हावी लागते, फार तर १६व्याच्या आत. गोळी म्हणजे कमी डोसची अ‍ॅस्पिरिन. घरातले म्हणतात आत्ता बीपी नॉर्मल आहे मग गोळी कशाला? अहो वार (प्लासेंटा) रुजते ती याच महिन्यांत, तिला रक्त नेणाऱ्या नसा तेव्हा नीट मोकळ्या झाल्या नाहीत की त्रास दिसतो सातव्या-आठव्या महिन्यात, म्हणजे डोहाळजेवणाच्या वेळी जाग येऊन उपयोग नाही.

कुणी विचारायचं? मागच्या खेपेला बीपी वाढलं होतं, जुळी आहेत, आधीपासून बीपी, शुगर, किडनीचा आजार किंवा ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे, यातलं एक असलं तरी पुरे. पहिलंच बाळंतपण, वय ३५ च्या पुढे, वजन जास्त, आईला किंवा बहिणीला हाच त्रास, यातलं दोन जुळत असेल तरी विचारा.

आपल्याकडे ७५ आणि १५० मिलिग्रॅमच्या मिळतात, किती ते डॉक्टर ठरवतील. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे नावाच्या औषध-चाचणीत धोका जास्त असलेल्या बायकांना रोज रात्री १५० ची दिली, ३६व्या आठवड्यापर्यंत, तर ३७ आठवड्यांच्या आत प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवरही ताण येतो तो आजार) झालेल्यांचं प्रमाण १.६ टक्के राहिलं, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेतलेल्यांत ते ४.३ होतं. आणि ज्यांनी गोळ्या चुकवल्या नाहीत त्यांना फायदा जास्त झाला, म्हणून मोबाईलला रात्रीचा अलार्म लावाच. स्वतःच्या मनाने मात्र सुरू करू नका, अल्सर, रक्तस्रावाचा आजार, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा पेनकिलरने दमा उठत असेल तर आधी सांगा.

आधीच बीपीची गोळी चालू असेल तर पाकीट घेऊन जा. टेल्मिसार्टन, रामिप्रिल बाळाला चालत नाहीत, बदलून लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन देतात, पण दुसरी मिळायच्या आधी परस्पर बंद करून बसू नका, लगेच फोन करा.

सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून कॅल्शियम मिळतं, ५०० ची दिवसातून दोनदा, तेही घ्या, फक्त लोहाच्या गोळीसोबत नको. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथे मोफत तपासणी असते.

बीपी बघताना पाच मिनिटं शांत पाठ टेकून बसा, चहा पिऊन लगेच नको. १४०/९० आलं तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवा, १६०/११० किंवा खूप डोकं दुखणं, डोळ्यापुढे चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, दम लागणं असं काही झालं की थेट हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८.

माहेरी जाताना फाईल बॅगेत आधी ठेवा, तिथल्या डॉक्टरला गोळी कधीपासून चालू आहे ते कळलं पाहिजे. आणि बाळंतपणानंतरही बीपी चढू शकतं, पहिल्या आठवड्यात तर जास्तच जपायचं, त्यामुळे बारशाच्या गडबडीत आईचं बीपी कुणीतरी आठवणीने बघा.