सपाट गच्चीवर कोणती शीट टाकाल?

मे अर्धा सरला की फोन सुरू होतात, "साहेब, टीपीओ बरी की पीव्हीसी?" दोन्ही गच्चीवर अंथरायच्या, पाणी अडवणाऱ्या प्लास्टिकच्या शीट. अंधेरी-साकीनाक्याच्या गाळ्यांच्या इमारतींवर वॉटरप्रूफिंग करण्यात माझी एकवीस वर्षं गेली. मी आधी विचारतो, गच्चीवर आत्ता काय आहे? शीट त्यावर ठरते.

जुना विटांचा कोबा असेल तर त्याने पाणी पिऊन ठेवलेलं असतं. हातभर प्लास्टिक पसरून चारी कडा टेपने बंद करा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबा. ओल्या कोब्यावर शीट चिकटवली की उन्हात वाफ धरते आणि फुगे येतात.

डांबरी शीटचा थर असेल तर पीव्हीसी थेट त्यावर कधीच टाकू नका. साकीनाक्याला एका गच्चीवर ठेकेदाराने पैसे वाचवायला मधलं जिओटेक्स्टाईल, म्हणजे दोन थर वेगळे ठेवणारं कापड, घातलंच नव्हतं. पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य डांबराने शोषून घेतलं. मी पाहिली तेव्हा शीट कडक झाली होती, कोपऱ्यात दुमडली की तडकत होती. सगळी काढावी लागली. आजही ते आठवलं की जीव हळहळतो, कारण वाचलेले पैसे अगदीच थोडे होते.

पीव्हीसीची जागा म्हणजे कँटीनच्या एक्झॉस्टखाली. तेलकट धूर ती सोसते, कोपऱ्यात छान वळते. टीपीओ पांढरी असते, ऊन परत फेकते. खाली एसी ऑफिस असेल तर मी तीच सांगतो. ती थोडी ताठ असते, पाइपाभोवती कारागिराला वेळ द्या. ईपीडीएम हे रबर. ताणतं आणि ऊन वर्षानुवर्षं झेलतं. पण बहुधा काळं, त्यामुळे तापतं, तेलाने फुगतं आणि त्याचे सांधे प्रायमर लावून टेपने चिकटवलेले असतात. पाणी साचणाऱ्या गच्चीवर मला गरम हवेने वितळवून जोडलेला (वेल्ड केलेला) सांधाच हवा, म्हणजे पीव्हीसी किंवा टीपीओ. जाडी १.५ मिमी घ्या.

शीट चिकटवायची की स्क्रू-प्लेटने धरायची, हे स्लॅब पाहून ठरवा. सळया गंजलेल्या स्लॅबला भोकं पाडायला मी तयार नसतो. वारा कडा आणि कोपरे आधी उचलतो. मे २०२१च्या तौक्ते वादळानंतर तिथली पकड मी स्वतः तपासतो.

सांधा थंड झाला की बोथट टोकाची सळई कडेवरून दाबत चाला. टोक आत शिरलं तिथे खूण करा, पुन्हा वेल्ड करा. रोज सकाळी एक तुकडा जोडून ओढून पाहा: सांधा न सुटता शीटच फाटली पाहिजे. कठड्यावर शीट किमान १५० मिमी चढवा, वर पट्टी ठोकून सीलंट भरा. पन्हाळाच्या तोंडाकडे ढाळ १:१०० तरी हवा.

शेवटी पन्हाळाची तोंडं बांधून ४८ तास पाणी ठेवा. ५० मिमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो, म्हणून जुन्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. पाणी भरण्याआधी खालच्या गाळ्यात जा, छतावरच्या प्रत्येक जुन्या डागाभोवती खडूने रेघ ओढा. दोन दिवसांनी त्याच रेघा पाहायच्या आणि मगच ठेकेदाराचं बिल काढायचं.