खत नंतर, आधी बादलीतलं पाणी

दर मार्चमध्ये माझी मिरचीची रोपं पिवळी पडायची. ऑक्टोबरात त्याच पाकिटातलं बी, तोच ट्रे, तीच मी, आणि रोपं हिरवीगार. दोन वर्षं मी बियाण्याला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की उन्हाळा लागला की आमच्या पुण्यातल्या धायरीच्या सोसायटीत खडकवासला धरणाचं पाणी पुरत नाही आणि टाकीत बोअरचं मिसळलं जातं. तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलांच्या हाती ब्युरेट दिले, पण घरच्या बादलीतलं पाणी तपासायचं काही सुचलं नव्हतं!

तर मिरची, टोमॅटो, वांगी यांची रोपं करणार असाल तर पाण्यापासून सुरुवात करा. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, पेनसारख्या मीटरने मोजता येतो. मीटर आणल्या आणल्या त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्याबरोबर पावडरच्या पुड्या येतात, ४ आणि ६.८६ सामूच्या. त्या पाण्यात विरघळवून आधी मीटर जुळवायचा, आणि टोक कोरडं पडू द्यायचं नाही. आमचं मार्चचं पाणी ८.१ निघालं. या रोपांना मुळाशी ६ ते ६.८ लागतो. फरक दोनाचा दिसतो, पण सामूची पट्टी दहाच्या पटीत चालते. ८ म्हणजे ६ च्या शंभरपट कमी आम्लता.

खरी गंमत मात्र या आकड्यात नाही, पाण्यातल्या बायकार्बोनेटमध्ये आहे. पुण्याखाली काळा बेसाल्ट खडक, त्यातून मुरून आलेलं बोअरचं पाणी जड. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, तो या क्षारातूनच. नळाच्या, म्हणजे धरणाच्या, पाण्याचाही सामू कधीकधी ८ दिसतो, पण त्यात क्षार कमी, म्हणून किंचित आम्लाने ते खाली येतं. बोअरचं पाणी आम्ल नुसतं पिऊन टाकतं, आणि रोज घातलं तर मातीही हळूहळू आपल्यासारखी करून घेतं.

मी लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, वापरते, किराणा दुकानात मिळतं ते. १० लिटरच्या बादलीला आमच्या पाण्यासाठी अडीच ग्रॅम लागतं, मग सामू ६.४ वर येतो. तुमचं प्रमाण वेगळं असेल. अर्ध्या ग्रॅमने वाढवत, ढवळत, मोजत जा. दोन लिंबं पिळूनही जमतं, पण एप्रिलमधला लिंबाचा भाव पाहता ती सरबतात घाला. पाणी त्याच दिवशी संपवा. लिंबूसत्व जिवाणू खातात आणि एक-दोन दिवसांत सामू पुन्हा वर जातो. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी रोपांना देऊ नका, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात. सॉफ्टनरचं तर मुळीच नको, त्यात सोडियम. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं पाणी मिळालं तर हे सगळं विसरा.

आता माती. बांधकामावरून आणलेली काळी माती रोपांच्या ट्रेत घालू नका. शंका असेल तर त्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी भरलेली आहे. मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि एक भाग चाळलेली लाल माती घेते. कोकोपीट तीन वेळा धुवून पिळायचं, कारण त्यात बऱ्याचदा मीठ असतं. मिश्रणाचा सामू मोजायला एक भाग माती, अडीच भाग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा, मग मीटर बुडवा. अंड्याची टरफलं घालू नका. शेजारच्या काकू दर वर्षी आग्रह करतात. आमच्या पाण्यात कॅल्शियम आधीच भरपूर आहे, त्यात आणखी चुना कशाला?

खताची घाई तर अजिबात नको. बी फुटल्यावर येतात ती दोन बीजपत्रं बियातल्याच शिदोरीवर जगतात. खरी पानं दोन-तीन आली की १९:१९:१९, म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) सारख्या प्रमाणात असलेलं खत, अर्धा ग्रॅम एका लिटरला, आठवड्यातून एकदा. एवढंच. चमचाभर घालून रोपं जळाली की लोक पुन्हा पाणी घालतात, मग मुळं गुदमरतात आणि रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडतात. ट्रे उचलून पाहा. हलका लागला तरच पाणी.

पिवळेपणा कुठे आहे ते नीट पाहा. खालची जुनी पानं सरसकट फिकी, तर नत्र कमी. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. पण लोह मातीत नाही असं नव्हे, चढ्या सामूमुळे रोपाला उचलता येत नाही. माझ्या मिरचीचं हेच होतं, आणि मी नत्र ओतत होते. दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह, मागाल तर बहुतेकदा ईडीटीए या रसायनाचं मिळतं. ते सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत टिकत नाही, म्हणून पानांवर फवारा. मुळाशी घालायचं असेल तर ईडीडीएचएचं मागा, लालसर रंगाचं असतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी झाली तर खताची पिशवी उघडू नका. गारठ्यात मुळं स्फुरद उचलत नाहीत. ट्रे उन्हात सरकवा, आठवड्यात नवं पान हिरवं येतं.

टोमॅटो २५-३० दिवसांत लावायला तयार होतो, मिरचीला ३५-४५ लागतात. या मार्चमध्ये मी एक ट्रे मुद्दाम साध्या बोअरच्या पाण्यावर ठेवला आहे. आज अठरावा दिवस. शेजारच्या ट्रेपेक्षा दोन पानं मागे आहे आणि कोवळ्या पानांच्या शिरा उठून दिसायला लागल्यात.