नाव लिवलास, नंबर कुठाय?

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना खानापूरच्या पुढच्या एका वृक्षसंग्रहालयात पहिल्यांदा गेलो. डोक्यात फक्त सीता-अशोक. बेळगावात बंगल्याबंगल्यापुढं 'अशोक' म्हणून जो सरळसोट उभा असतो, तो आसुपालव. सीता-अशोक बुटका, डेरेदार, जून फांद्यांवरही केशरी झुबके. फुलाला पाकळ्याच नाहीत. रंगतात ती निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी पानं.

मी फोटो काढत होतो, तिथले माळीमामा माझी वही बघत होते.

"नाव लिवलास की. नंबर कुठाय?"

पाटीवर कन्नड आणि शास्त्रीय नावांखाली बारीक नंबर होता. तो रजिस्टरात काढला की बी कुठल्या रानातलं, कुठल्या झाडाचं, कधी आणलं ते कळतं. एकाच आईची पन्नास रोपं म्हणजे पन्नास भावंडं. एकाला सोसवत नाही ते बहुतेकांना सोसवत नाही. म्हणून वेगवेगळ्या रानांतल्या बऱ्याच झाडांचं बी लागतं. नव्यानं जाणाऱ्यानं आधी नंबर उतरवावा, मग फोटो. (आणि कन्नड अक्षरं शिकून घ्या, अडून बसू नका.)

पुढं रामपत्रीची, म्हणजे जायफळाच्या कुळातल्या रानझाडाची, दोन झाडं होती. एकाखाली फळं पडलेली, दुसऱ्याखाली एकही नाही. खत कमी पडलं का, विचारलं. मामा हसले, "त्यो गडी हाय." रामपत्रीत नर-मादी झाडं वेगळी असतात. एकटंच झाड लावून वर्षानुवर्षं फळाची वाट बघणारे आहेत.

परवानगीनं पाच बिया घरी आणल्या आणि तुरीच्या बियाण्यासारख्या गच्चीवर चार दिवस वाळवल्या. पेरल्या, एकही उगवली नाही. रामपत्रीचं बी वाळलं की मेलं. ते फ्रीजमध्ये ठेवून वर्षभर टिकवता येत नाही, म्हणून अशा जातींची बियाणे-बँक म्हणजे उभं झाडच. दुसऱ्या खेपेला ओल्या कोकोपीटात (नारळाच्या काथ्याच्या भुशात) गुंडाळून आणल्या, त्याच संध्याकाळी पिशव्यांत लावल्या. तीन आल्या.

चंदनाच्या रोपाशेजारी पिशवीत तूर दिसली तर तण समजून उपटू नका. चंदन अर्धपरजीवी, तुरीच्या मुळांतून पाणी-क्षार ओढतं. मी उपटली होती. मामा दिवसभर बोलले नाहीत.

मिरगानंतर जाणार असाल तर जळवांसाठी मीठ जवळ ठेवा. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा, आणि पडलेलं बीसुद्धा न विचारता उचलू नका.