मुंबईच्या धावपळीत फिटनेस बँड कसा वापरावा

फिटनेस बँड मनगटावर आला की बहुतेक जण पहिल्याच दिवशी दहा हजार पावलांचे लक्ष्य लावतात आणि रात्री तो आकडा गाठला की नाही, एवढेच पाहतात. हा आकडा डॉक्टरांनी ठरवून दिलेला नाही. १९६५ साली जपानमधील एका घड्याळ कंपनीने आपले पाऊलमापक यंत्र विकताना तो रूढ केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी पावलांचा हिशेब दिलेला नसून आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवलेली आहे. त्यामुळे बँडवर पावलांपेक्षा दमदार चालण्याची मिनिटे आणि विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोके या दोन गोष्टींवर नजर ठेवावी, आणि त्यांची तुलना शेजाऱ्याच्या आकड्यांशी न करता स्वतःच्याच मागच्या महिन्याशी करावी, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी बँड नीट बांधलेला असला पाहिजे. मोबाइलच्या ॲपमध्ये वय, उंची आणि वजन खरे भरावे, आणि बँड कोणत्या हातात आहे तेही नोंदवावे. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी तो डाव्या मनगटावर घालणे चांगले, कारण पोळ्या लाटताना किंवा भांडी घासताना होणारी हाताची हालचाल त्यामुळे पावलांत कमी मिसळते. बँडच्या पाठीमागे लुकलुकणारा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तात शोषला जातो. प्रत्येक ठोक्यासरशी रक्ताचे प्रमाण कमीजास्त होते, तसा परत येणारा प्रकाशही बदलतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडे भरकटतात. म्हणून मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, सरकणार नाही पण वळही उमटणार नाही, इतपत घट्ट बँड बांधावा. व्यायामाच्या वेळी आणखी थोडा वर चढवून एक भोक आवळावे. त्या जागी गडद गोंदण असेल तर दुसरा हात वापरावा.

मुंबईच्या दमट हवेत खरा त्रास होतो तो घामाचा. पट्ट्याखाली घाम आणि साबणाचा अंश साचून राहिला की खाज सुटते, पुरळ उठते, आणि मग बँड कपाटात जाऊन पडतो. घरी आल्यावर पट्टा साध्या पाण्याने धुऊन, पुसून, मनगटही कोरडे करून मगच तो पुन्हा घालावा, आणि रोज थोडा वेळ त्वचेला मोकळी हवा मिळू द्यावी. कापडी पट्टा दिसायला छान असला तरी पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही. या शहरात सिलिकॉनचाच सोयीचा. ‘५ एटीएम’ (पाण्याचा दाब किती सोसतो, त्याचे माप) असे लिहिलेला बँड पावसात बिनधास्त चालतो, मात्र गरम पाणी आणि वाफ त्याला मानवत नाही. आंघोळीची वेळ तो चार्जिंगला लावण्यासाठी वापरावी, म्हणजे दोन्ही कामे होतात. चार्जिंगचे टोक ओले राहिलेले नाही, एवढे आधी पाहावे.

बँड पावले मोजतो ती मनगटाच्या हेलकाव्यावरून. त्यामुळे दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन दादरचा पूल ओलांडला तर कितीतरी पावले नोंदवली जात नाहीत, आणि खड्ड्यांतून धडधडत जाणाऱ्या रिक्षात बसल्या बसल्या काही पावले फुकट मिळतात. आपला बँड किती चुकतो हे पाहायचे असेल तर मनात मोजत एकदा हात मोकळे सोडून शंभर पावले चालावे आणि एकदा हातात ओझे घेऊन. दोन्ही वेळा आधीचा व नंतरचा आकडा लिहून ठेवावा. हा फरक कळला की रोजच्या आकड्याची काळजी आपोआप कमी होते.

मिनिटे मोजण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतोच असे नाही. चर्चगेटला उतरून नरीमन पॉइंटच्या कार्यालयापर्यंत शेअर टॅक्सीऐवजी झपाझप चालत गेल्यास साधारण वीस मिनिटे लागतात. जाता-येता पाच दिवस हा क्रम ठेवला तर आठवड्याची २०० मिनिटे होतात. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, हा मध्यम श्रमाचा सोपा निकष आहे. ठोक्यांच्या भाषेत सांगायचे तर २२० मधून वय वजा करावे आणि येणाऱ्या संख्येच्या ५० ते ७० टक्के धरावेत. म्हणजे ४५ वर्षांच्या व्यक्तीसाठी साधारण ८८ ते १२२. हा ढोबळ अंदाज आहे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषध चालू असेल तर ठोके मुळातच कमी राहतात, तेव्हा आपली मर्यादा डॉक्टरांनाच विचारावी.

विश्रांतीच्या वेळचे ठोके प्रौढांमध्ये मिनिटाला ६० ते १०० असतात. नियमित व्यायाम करणाऱ्यांचे याहून कमीही असू शकतात. एखाद्या दिवशीचा चढउतार सोडून द्यावा आणि आठवड्याची सरासरी पाहावी. अपुरी झोप, ताप किंवा दगदग झाली की ती चढते. आकडा विचित्र वाटला तर शांत बसून, दुसऱ्या हाताची दोन बोटे अंगठ्याखालच्या नाडीवर ठेवून, ३० सेकंद ठोके मोजावेत आणि दुप्पट करावेत. छातीत दुखणे, दम लागणे किंवा चक्कर येणे अशी लक्षणे असताना मात्र बँडकडे पाहत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

झोपेची एकूण वेळ उपयोगी पडते, विशेषतः पहाटेची लोकल पकडणाऱ्यांना. गाढ झोपेचे तपशील मात्र अंदाजाचेच असतात. कॅलरींवर तर अजिबात विसंबू नये. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात उपकरणे तपासली, तेव्हा सर्वांत अचूक ठरलेल्या उपकरणाचीही कॅलरींतील सरासरी चूक २७ टक्के निघाली. बँडने ३०० कॅलरी दाखवल्या म्हणून त्या हिशेबाने वडापाव खाणे योग्य नव्हे.

ॲपमध्ये आपला मार्ग सर्वांना दिसेल असे ठेवू नये. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाचे मार्ग नोंदवणाऱ्या ॲपच्या नकाशावरून लष्करी तळांचे ठावठिकाणे उघड झाले होते. आपल्या बाबतीत इमारतीचे फाटक आणि रोज बाहेर पडण्याची वेळ उघड होते. नवा बँड घेऊन जुना घरच्या ज्येष्ठांना देणार असाल तर आधी तो आपल्या खात्यातून काढून टाकावा, त्यातील माहिती पुसावी आणि त्यांचे वय, उंची, वजन घालून नव्याने जोडावा.