लँडफिलचं काम देताय? या चुका टाळा

‘साहेब, निस्तं प्लास्टिकच अंथरायचं हाय की!’ एका नगरपालिकेच्या लँडफिलच्या, म्हणजे कचरा पुरायच्या अस्तर घातलेल्या खड्ड्याच्या, कामावर मुकादमानं मला हे सुनावलं होतं. त्याची चूक नव्हती. त्याच्या मालकाला काम मिळालं होतं तेच मुळी शेततळ्यांच्या कामाच्या अनुभव-दाखल्यावर.

कागल, गडहिंग्लज, जयसिंगपूरसारख्या गावांत लँडफिलचं टेंडर आयुष्यात एखाद्या वेळीच निघतं. मग रस्त्याच्या टेंडरचा जुना मसुदा काढून नाव तेवढं बदलायचा मोह होतो. पहिली चूक तिथंच होते.

‘समान स्वरूपाचं काम’ मोघम ठेवणं

ठेकेदारानं मागच्या सात वर्षांत अंदाजपत्रकाच्या 40 टक्क्यांची तीन, 50 टक्क्यांची दोन किंवा 80 टक्क्यांचं एक काम केलेलं असावं, ही केंद्रीय दक्षता आयोगाची पट्टी सगळ्यांना पाठ असते. पण काम कसलं? लँडफिलमध्ये खोदाई आणि भराव भरपूर असतो, त्यामुळे धरणाच्या मातीकामाचा ठेकेदारही रकमेत बसतो. आणि ‘एचडीपीई अस्तरीकरण’ (जाड प्लास्टिकचा कागद अंथरणं) एवढंच लिहिलं की शेततळंवाले आत येतात. शेततळ्याचा कागद असतो 500 मायक्रॉनचा. 2016 च्या घनकचरा नियमांत लँडफिलच्या तळाला सांगितला होता दीड मिलिमीटरचा, आणि त्याच्याखाली 90 सेंटिमीटर चिकणमाती. तिची झिरप किती चालेल तेही त्या नियमांत ठरलेलं होतं. तेव्हा अट रुपयांत घाला तशी चौरस मीटरमध्येही घाला: दीड मिलिमीटरचं, कचऱ्याच्या लँडफिलचं अस्तर, इतकं क्षेत्र, चाचणी अहवालांसकट. कागदाच्या पट्ट्यांना जोड मारणाऱ्या तंत्रज्ञांची नावं आणि त्यांची आधीची कामं निविदेतच मागा.

दाखला ज्या कार्यालयाचा, तिथं फोन लावून खात्री करा. खासगी कामाचा दाखला असेल तर टीडीएसचं प्रमाणपत्र मागा. जॉइंट व्हेंचरमध्ये एकजण नुसता कागदावर पाहुणा म्हणून येतो आणि कार्यारंभ आदेशानंतर गायब होतो. अस्तराचं काम अनुभव असलेल्या भागीदारानंच करायचं, पोटठेका नाही, असं करारात लिहून घ्या.

अंदाजपत्रकापेक्षा फार ‘बिलो’ (कमी दरानं) आलेल्या निविदेचं दरपृथक्करण, म्हणजे दराचा फोडून हिशेब, अस्तराच्या बाबीवर मागा. ठेकेदार तोटा भरून काढतो तो नंतर झाकल्या जाणाऱ्या थरातच.

आयती खण आहे म्हणून खूश होणं

आपल्याकडे दगडाच्या जुन्या खणींना तोटा नाही. मे महिन्यात कोरडी ठणठणीत दिसणारी खण बघून भूजल पातळी लिहिली जाते. चिकणमातीच्या थराचा तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपासून निदान 2 मीटर वर पाहिजे, आणि कोल्हापुरात ती वरची पातळी कळते पावसाळा सरताना. शिवाय खणीच्या कडा म्हणजे कातळाचे दात. त्यावर जाड जिओटेक्स्टाईलची (कृत्रिम धाग्याच्या कापडाची) गादी घातल्याशिवाय कागद टाकू देऊ नका.

वर सांगितलेल्या कामावर पहिल्या पावसातच खालून पाणी चढलं आणि अस्तर फुग्यासारखं वर आलं. एका गड्यानं पहार घेतली, भोक पाडलं, पाणी सोडलं, आणि दुपारी कौतुकानं मला ते दाखवायला नेलं. अस्तर फुगलं तर हात लावू नका. आधी खालच्या पाण्याला पंपानं वाट काढून द्या, मग डिझाईन करणाऱ्याला बोलवा.

जोडांच्या वेळी साहेब मीटिंगला

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. वर खडीचा थर आणि लीचेटचे (कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्याचे) पाईप पडले की खालचं पुन्हा कुणाच्या बापाला दिसत नाही. कनिष्ठ अभियंत्याकडे पाणीपुरवठाही असतो, रस्तेही असतात. पण जोड चालू असतात ते दिवस त्यानं तिथंच काढायचे.

बघायचं काय? सकाळी प्रत्येक मशीनवर तुकड्यावर जोड मारून तो ओढून तपासायचा. दुहेरी जोडाच्या मधल्या पोकळीत हवा भरून पाच मिनिटं दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची. मग, हे बहुतेक जण विसरतात, लांबचं टोक कापायचं. काटा झर्रकन खाली आला पाहिजे. नाही आला तर पोकळी मध्येच बुजलीय आणि तुमची चाचणी अर्ध्याच जोडाची झालीय. ठिगळ मारलेल्या जागी व्हॅक्यूम पेटी लावून साबणाचे बुडबुडे येतात का ते बघायचं. प्रत्येक जोडाचा नंबर, वेळ, मशीन आणि माणूस नकाशावर चढला पाहिजे. चाचणीवर सही झाल्याशिवाय खडीचा एक डंपर आत सोडायचा नाही.

चाचणी करणाऱ्या त्रयस्थ संस्थेचं बिल ठेकेदाराच्या खिशातून जाऊ देऊ नका. तसंच रोल साईटवर उतरले की मोठी रक्कम सुटेल असे हप्तेही बांधू नका. मोठा हप्ता चाचणी पास झालेल्या क्षेत्रावर ठेवा, आणि मापं निव्वळ क्षेत्राचीच, ओव्हरलॅप सोडून, हे निविदेत स्पष्ट असू द्या. नाहीतर एमबी (मोजमाप पुस्तक) लिहिताना वाद ठरलेला.

कार्यारंभ आदेश एप्रिलमध्ये निघाला की पुढची गडबड आलीच. दाबलेली चिकणमाती उन्हात दोन दिवस उघडी राहिली की भेगाळते. प्रयोगशाळेतला झिरपेचा आकडा मग फायलीतच राहतो. भरदुपारी अंथरलेला कागद तापून पसरतो आणि सुरकुत्या पडतात. आणि जूनच्या तोंडावर ‘आता तेवढं झाकून घेतो’ सुरू होतं. आदेश दिवाळीनंतर लगेच द्या. नाही जमलं तर सरळ अर्धाच सेल (लँडफिलचा कप्पा) करा.

एक काम मात्र ठेकेदार यायच्या आधीचं आहे. आसपासच्या विहिरींच्या पाण्याचे नमुने काढून अहवाल ठेवा, उताराच्या वरच्याही आणि खालच्याही. पुढं एखादा शेतकरी पिवळ्या पाण्याची बाटली घेऊन टेबलासमोर उभा राहिला की दोषदायित्वाच्या (काम झाल्यावर निघालेल्या दोषांच्या जबाबदारीच्या) फायलीत पहिला शोध त्याच कागदाचा घेतला जातो.